बाकाएवढी निळी रेघ

सुवा
३ ऑगस्ट

इनोकेमामा,

बोट उशिरा पोचली, पण मी आणि माझी यंत्रं कोरडी पोचलो. लावेनियामामीने बांधून दिलेला कसावा आणि नारळाच्या दुधातली मासळी वाटेतच संपली. ऑफिसात कोणाला दिली नाही, एवढं तिला सांगा. तिला बरं वाटेल.

पाहणीचा निकाल आला आहे. लोमातिरीतल्या जवळजवळ प्रत्येक घराने सांगितलं आहे की त्यांची चक्रीवादळाची तयारी आहे. पिण्याचं पाणी साठवलेलं आहे, कुठे जायचं ते ठरलेलं आहे, समुद्र किती वर येऊ शकतो ते माहीत आहे. आमच्या खात्याने पाहिलेल्या बेटांवर इतका चांगला निकाल दुसऱ्या कुठल्याच गावाचा नाही. आमचे साहेब खूश आहेत. मी अजून नाही. चांगल्या आकड्यांवर माझा विश्वास हळू बसतो.

दोन गोष्टी तुम्ही गावचे कारभारी म्हणून सांभाळायच्या आहेत. चर्चच्या आतल्या भिंतीवर मी जी निळी रेघ काढली आहे, ती पुसू देऊ नका. समुद्राचं पाणी तिथपर्यंत चढू शकतं, असा माझा हिशेब आहे. चर्च काँक्रीटचं आहे, वाऱ्याला टिकेल. पण ते किनाऱ्याला लागून आहे, आणि पाण्याच्या हिशेबाने ते कोणी बांधलेलं नाही.

दुसरी गोष्ट ढोल. प्रार्थनेला वाजतो तसा नाही. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. हे ठोके ऐकू आले की चर्चकडे यायचं नाही, थेट डोंगरावरच्या शाळेत जायचं. गावात सर्वांना पाठ होऊ दे.

तुमची
सेनिमिली

*

लोमातिरी
१९ ऑगस्ट

सेनी पोरी,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बोटीवरून रॉकेलचं पिंप उतरवत होतो. पिंप वाळूत तसंच सोडून वाचायला बसलो, म्हणून तुझ्या मामीने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तू खूश नाहीस हे वाचून बरं वाटलं, कारण आता मला खरं सांगता येईल. तू दारोदार कागद घेऊन फिरलीस. कोण फिरलं? माकेरेताची मुलगी. गावाच्या लेकीची लेक, आमची वासू. वासूने आईच्या गावात हात ठेवला ती वस्तू तिची, तिला नाही म्हणायचं नसतं. हे तुझ्या आईने तुला शिकवलं असेलच. अशी पोर दारात उभी राहून विचारते, 'पाणी साठवलंय का?' आता कोण नाही म्हणेल? सोलोमोनेच्या घरात धड एक बादली नाही. त्याने तुला हो सांगितलं, आणि तुझी पाठ वळल्यावर बायकोला म्हणाला, "अगं, काहीतरी भरून ठेव, पोरीला खोटं पाडू नकोस." तिने पातेलं भरलं. म्हणजे तुझ्या पाहणीने गावाची तयारी एका पातेल्याने वाढली.

रागावू नकोस. पण वासू येऊन रिकामी गेली, याची गावाला खंत आहे. सोलोमोनेचा भाचा येतो तेव्हा डुक्कर दोरीला बांधून नेतो, विचारतसुद्धा नाही. तू काय नेलंस? बाटलीत भरून माती.

समुद्राचं म्हणशील तर, मी पोरगा होतो तेव्हाचं मोठं वादळ ज्यांनी पाहिलंय त्यांना वाऱ्याची भीती आहे, पाण्याची नाही. त्या दिवशी समुद्र आला नाही, गेला. आख्खी खाडी रिकामी झाली. वारा जरा पडल्यावर आम्ही कोरड्या प्रवाळावरून मासे वेचले. सगळी घरं उडाली, आणि सगळं गाव चर्चमध्ये शाबूत राहिलं. तेव्हापासून म्हातारी माणसं चर्चला आईची कूस म्हणतात. तू त्या कुशीत रेघ काढून गेलीस. पोरं तिथे उंची मोजतात. रविवारी फुलं वाहणाऱ्या बायका रेघेखाली एक फुलदाणी ठेवतात, म्हणजे तिला एकटं वाटायला नको.

तुझा
इनोकेमामा

*

सुवा
६ सप्टेंबर

इनोकेमामा,

मला पाहुणचार नको होता, उत्तरं हवी होती. तुमचं पत्र मी साहेबांना दाखवलेलं नाही. पाहणी पुन्हा करावी लागेल. पुढच्या वेळी दुसऱ्या बेटावरचा माणूस पाठवीन, ज्याला नाही म्हणायला कोणाला संकोच वाटणार नाही.

त्या जुन्या वादळाचं. आपल्या समुद्रात वादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो. तुमची खाडी उत्तरेला उघडते. ते वादळ बेटाच्या पूर्वेने गेलं, त्यामुळे वारा जमिनीवरून समुद्राकडे होता आणि त्याने खाडी रिकामी केली. वादळ पश्चिमेने गेलं तर हाच वारा समुद्राकडून येईल आणि खाडीत पाणी कोंबेल. गावाने एक वादळ पाहिलं आणि सगळी वादळं पाहिली असं धरलं. एवढीच चूक आहे, पण ती मोठी आहे.

हे यंगोना प्यायला बसता त्या बैठकीत सांगा. वाटी फिरायच्या आधी, म्हणजे लोक जागे असतील.

आणि गावाला डोंगर चढायचा सराव एकदा द्या. ढोलाच्या त्याच ठोक्यांवर.

तुमची
सेनिमिली

*

लोमातिरी
१४ ऑक्टोबर

सेनी पोरी,

सराव झाला! शनिवारी सकाळी मी ढोल बडवला, तीन आणि तीन, आणि सगळं गाव डोंगरावर. रातू पेनाया स्वतः काठी टेकत चढले. मुखियाच निघाला म्हटल्यावर मागे कोण राहणार?

सर्वांत आधी कोण पोचलं सांगू? तुझी मामी. डोक्यावर तारोच्या कंदांचं पातेलं घेऊन. मी धापा टाकत वर गेलो तर बाईसाहेब शाळेच्या पायरीवर बसून मला विचारतात, "वाटेत झोपला होतात का?" सर्वांत शेवटी म्हातारी नेटी. वाटभर तुला शिव्या देत होती. वर आली, समुद्र बघितला आणि म्हणाली, "इतकी वर्षं इथे राहते, गाव वरून एवढं लहान दिसतं हे कोणी सांगितलंच नाही." मग जेवणं झाली, गाणी झाली. संध्याकाळपर्यंत कोणी खाली उतरेना.

वाऱ्याचं घड्याळ मी बैठकीत समजावलं, नारळाची करवंटी फिरवून. सगळे हो म्हणाले. आता हे कोणतं हो, ते मला विचारू नकोस. पण एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. ढोलाचं सर्वांना पक्कं कळलंय. परवा सोलोमोनेच्या धाकट्याने पातेल्यावर तीन आणि तीन वाजवले तर त्याची आजी चटई टाकून डोंगराकडे निघाली. ढोल वाजला की डोंगर. यात आता कोणी चुकणार नाही.

तुझी मामी विचारते, तू जेवतेस का.

इनोकेमामा

*

सुवा
२९ ऑक्टोबर

इनोकेमामा,

सरावाबद्दल आभार. खरंच. अहवालात तुमच्या गावाचं नाव घेतलं आहे.

मामीला सांगा, जेवते.

सेनिमिली

*

लोमातिरी
२८ नोव्हेंबर

सेनी,

रातू पेनाया गेले. झोपेत. त्यांना चर्चच्या मागे ठेवलं, समुद्राकडे तोंड करून, त्यांनी सांगितलं होतं तसं.

गावाला शंभर रात्रींचं सुतक आहे. गावासमोरच्या पाण्यात मासेमारी बंद. आवाज बंद. शंख नाही, हाक नाही, लाकूड फोडायचं तेसुद्धा टेकडीपलीकडे जाऊन. ढोल झावळ्यांच्या चटईत गुंडाळून ठेवलाय. रविवारी प्रार्थनेला माणसं आपली आपण येतात. पोरं खुणा करून खेळतात, बघवत नाही. कोंबडे तेवढे ऐकत नाहीत. नेटी म्हणते की तिचा नवरा गेला तेव्हा तीन दिवससुद्धा कोणी गप्प बसलं नव्हतं, पण हेही ती हळूच म्हणते.

रातूंची बायको आदी तोरिका आणि गावातल्या बायका रात्री त्यांच्या घरी बसून असतात. तुझी मामीही तिथेच असते. मी आपला हाताने करून खातो.

कळवायचं म्हणून कळवलं. तू रातूंना आवडायचीस. म्हणायचे, ही पोर पाण्याला प्रश्न विचारते.

इनोकेमामा

*

सुवा
१२ डिसेंबर

इनोकेमामा,

रातू पेनाया गेल्याचं वाचून वाईट वाटलं. माझ्या वतीने आदी तोरिकांपुढे दुखवट्याची एक चटई ठेवा. पैसे सोबत आहेत.

आता कामाचं. तुम्ही लिहिलेल्या शंभर रात्री वादळांच्या ऐन मोसमात येतात. गावाची सगळी योजना ढोलावर उभी आहे. ढोल बंद, तर योजना बंद. धोक्याच्या सूचनेपुरती आवाजाला मोकळीक मिळावी, अशी विनंती आमच्या खात्यामार्फत गावाच्या वडीलधाऱ्यांना करत आहे. पत्र सोबत आहे, त्यावर साहेबांची सही आहे. मोकळीक मिळाली नाही तर दारोदार जाऊन सूचना द्यायला माणसं नेमून ठेवा.

सेनिमिली

*

लोमातिरी
३ जानेवारी

सेनी,

तुमच्या खात्याचं पत्र मी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत वाचून दाखवलं. सर्वांनी मान डोलावली. 'सरकारचे आभार,' म्हणाले. पत्राला उत्तर म्हणून हो लिहून पाठवलंय, ते तुझ्या साहेबांना मिळेल. तू ते खरं धरू नकोस.

दारोदार जाणारी माणसं नेमली आहेत. मी, सोलोमोने आणि पाद्रीबाबांचा मेहुणा. तिघांचे मिळून पाच गुडघे चांगले आहेत.

आता नीट ऐक. मी कारभारी आहे. मी ढोल उघडला तर रातूंच्या घराचा अपमान होतो, आणि तो माझ्या पोरांच्या पोरांपर्यंत माझ्या नावावर राहतो. वडीलधारे हो म्हणू शकत नाहीत. आदी तोरिका स्वतःच्या तोंडाने सांगू शकत नाहीत. आमच्यापैकी कोणालाच ते दार उघडता येत नाही. पण वासूला येतं. वासूने मागितलं की तो कोणाचाच निर्णय राहत नाही, नुसतं द्यायचं असतं. तू एक ओळ लिही: मामा, मला तुमच्या ढोलाचा आवाज द्या. बस. मी ती ओळ आदी तोरिकांच्या पायाशी ठेवीन आणि त्या रडत रडत ढोलाची चटई स्वतः सोडतील, हे मला माहीत आहे.

तू अधिकारी होऊन विनंती करतेस तेव्हा आम्ही हो म्हणतो. भाची होऊन मागशील तेव्हा देऊ. दोन्हींत फरक आहे, पोरी.

इनोकेमामा

*

सुवा
१६ जानेवारी

इनोकेमामा,

तुमचं पत्र मिळाल्यावर मी एक बोट तशीच जाऊ दिली, उत्तर दिलं नाही. कारण सांगते. मी सरकारी नोकर आहे. माझ्या खात्याची योजना सोळा बेटांवर सारखी चालावी लागते. लोमातिरीला मी नात्याच्या हक्काने चालवली, असं उद्या कोणी म्हटलं तर बाकीच्या पंधरा बेटांना मी काय सांगणार? तिथे माझे मामा नाहीत.

शिवाय मला मागता येत नाही. आईलाही हे माहीत होतं. लहानपणी तुमच्याकडे आले की ती मला कोपराने ढोसायची, माग म्हणून, आणि मी जमिनीकडे बघत बसायचे. तुम्हीच काहीतरी आणून हातात द्यायचात.

आज आमच्या नकाशावर ईशान्येला एक वादळ उभं राहिलं आहे. त्याला नेटी असं नाव दिलंय. म्हातारीला सांगू नका. बहुधा ते तुमच्या पश्चिमेने जाईल.

मामा, मला तुमच्या ढोलाचा आवाज द्या. मी भाची म्हणून मागते आहे.

सेनी

*

लोमातिरी
७ फेब्रुवारी

सेनी,

तुझं १६ जानेवारीचं पत्र आज मिळालं. मदतीची बोट आली, तिच्यात तांदळाच्या पोत्यांखाली टपालाची पिशवी होती. बोटीवरची माणसं सांगत होती की मागच्या फेरीला लाटा बघून बोट अर्ध्या वाटेवरून परतली. पाकिटाला पाणी लागलंय. शेवटची ओळ तेवढी स्पष्ट आहे.

तुमच्या खात्याकडे यादी गेली आहे, म्हणजे मामीचं तुला कळलं असेल. मी वेगळं काय लिहू?

वादळाच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या रेडिओवर तू होतीस. सगळी बेटं ऐकत होती. मी विचारलं, "सेनी, माझ्यासाठी काही आहे का?" तू म्हणालीस, "पत्रात आहे, मामा." मी म्हणालो, "बोट आलीच नाही." मग तू म्हणालीस, "सर्व गावांनी ठरलेल्या योजनेप्रमाणे वागावं." मी म्हणालो, "हो, बाई." पत्रात काय असेल ते मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. तरी मागणं कानावर पडल्याशिवाय देता येत नाही, असं धरून मी बसलो. तेव्हा हे सगळं एकटीने उचलू नकोस. अर्धं माझं आहे.

आम्ही तिघे दारोदार गेलो. वादळाची बातमी कुजबुजत सांगितली की ती बातमी वाटत नाही गं. माणसं म्हणाली, "हो, हो, निघतोच." दुसऱ्यांदा गेलो तरी घरातच. "ढोल कुठे वाजलाय अजून?" म्हणाली. "वाजला की निघू." आम्हीच शिकवलं होतं ना, ढोल वाजला की डोंगर. नाही वाजला, म्हणजे डोंगर नाही. मग सोलोमोनेने सुतक बाजूला ठेवलं आणि ओरडत सुटला, म्हणून बरीच घरं वर गेली. माझा आवाज निघेपर्यंत वारा इतका वाढला होता की माझं मलाच ऐकू येईना.

म्हातारी नेटी मात्र सर्वांत आधी वर. वादळाचं नाव रेडिओवर ऐकल्यापासून ती चटई गुंडाळून तयार होती. "माझ्या नावाची बाई कशी असणार ते मला माहीत आहे," म्हणाली.

ज्या बायका आदी तोरिकांजवळ बसलेल्या होत्या, त्या सगळ्या चर्चमध्ये गेल्या. वारा उत्तरेचा होता, तू सांगितलंस तसाच. चर्च उभं आहे. एक कौलसुद्धा हललं नाही. आतल्या सात जणींपैकी कोणी उरली नाही.

मामीचे पाय दुखत होते, म्हणून तिला डोंगर चढता आला नाही. एवढंच.

इनोकेमामा

*

सुवा
११ फेब्रुवारी

इनोकेमामा,

मदतीची बोट उद्या पुन्हा निघते, म्हणून घाईत लिहिते.

मामीचे पाय दुखत नव्हते. सरावाच्या दिवशी डोक्यावर पातेलं घेऊन ती सर्वांत आधी पोचली होती. तुम्हीच लिहिलंय, पत्र माझ्यासमोर आहे.

ती चर्चमध्ये का थांबली? मला खरं उत्तर हवं आहे. वासूला द्यायचं उत्तर नको. पाहणीतलं नको.

सेनी

*

लोमातिरी
१८ फेब्रुवारी

सेनी,

तू मागितलंस, म्हणजे द्यायला हवं. मी हे तुला कधीच सांगणार नव्हतो.

मी चर्चमध्ये गेलो होतो. पाणी तेव्हा पायरीला लागलं होतं. म्हटलं, "उठा सगळ्या, वर चला." आदी तोरिका चर्चमागची रातूंची कबर सोडून जायला तयार नव्हत्या, आणि त्यांना एकटं टाकून बाकीच्या निघेनात. मी तुझ्या मामीचा हात धरला. तिने सोडवून घेतला. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढे घाबरता काय? सेनीची रेघ बाकाएवढी आहे. पाणी तिथपर्यंत येईल आणि थांबेल. आम्ही बाकावर उभ्या राहू. माझ्या भाचीचं मोजमाप चुकत नाही."

बाकीच्या बायकांना तिने धीर दिला. एकेकीला हात देऊन बाकांवर चढवलं. मग मला म्हणाली, "तुम्ही त्या पलीकडच्या घरांकडे बघा, इथे माणसं आहेत." मी गेलो. परत येता आलं नाही.

पाण्याची खूण छताच्या तुळईखाली हातभर आहे. तुझी रेघ चिखलाखाली गेली होती. मी चिखल पुसून काढला, ती तशीच आहे अजून. निळी.

आता तूही माझं ऐक. तुझ्या रेघेने तिला मारलं असं मी म्हणत नाही, आणि तूही म्हणायचं नाहीस. तिला बरं वाटत होतं त्या वेळी. हसत होती. मी पाहिलंय.

उरलेल्या वडीलधाऱ्यांनी माझ्या अंगणात बसून तुझं पत्र ऐकलं, ओलं होतं तसंच. सोलोमोने उठला आणि ढोल शोधायला गेला. नदीच्या मुखाशी चिखलात रुतलेला मिळाला, चटईसकट. आम्ही तो डोंगरावर नेलाय, शाळेच्या दारात. वासूचं मागणं उशिरा आलं म्हणून फुकट जात नाही. ढोल तुझा आहे. तू ये. तुझी बोट खाडीत वळली की मी तो वाजवीन, सगळ्या बेटाला ऐकू जाईल असा. आणि चर्चमध्ये नवी रेघ काढ, खूण आहे तिथे.

मामा

*

सुवा
२६ फेब्रुवारी

मामा,

तुमचं पत्र मिळालं. खरं लिहिलंत.

मी हिशेब काढून पाहिला. माझी रेघ शांत पाण्याची होती. वाऱ्याने खाडीत कोंबलेलं पाणी कुठवर चढेल, ते तिने बरोबर सांगितलं होतं. त्याच्यावर उठणाऱ्या लाटा तिच्यात धरलेल्या नव्हत्या. अहवालात तसं एक वाक्य आहे. भिंतीवर नव्हतं. मामीने अहवाल वाचला नाही, भिंत वाचली. तिने ती माझ्यावरच्या विश्वासाने वाचली. रेघ धोका सांगण्यासाठी होती, आणि पाणी इथे थांबेल असं वचन म्हणून ती वाचली गेली. असं होऊ शकतं, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी लोकांना विचारलं की तुम्हाला रेघ कळली का. ते हो म्हणाले.

हे पत्र आज निघणाऱ्या मदतीच्या बोटीने पाठवते आहे, आणि मी तिच्या पुढच्या बोटीने येते आहे. खात्याकडून नाही, रजा घेतली आहे. सोबत चटया आहेत, रॉकेल आहे, आणि आईच्या पेटीतला देवमाशाचा दात आहे, कोणी गेलं की मानाने त्या घरापुढे ठेवतात तो. तो मामीसाठी आहे, तुमच्यापुढे ठेवीन. तो ठेवताना म्हणायचे शब्द मला नीट येत नाहीत. चुकले तर सांभाळून घ्या.

नवी रेघ मी काढणार नाही. तुळईखालच्या खुणेवर रेघ काढली तर पुढच्या वेळी कोणीतरी तुळईवर चढून बसेल. मी रंग आणते आहे. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर एक बाण काढीन, दरवाज्याएवढा, डोंगराकडे. त्याला उंची नसेल. फक्त दिशा.

जुनी रेघ पुसू नका. मला ती बघायची आहे.

आता तुमच्याकडे दोन मागणी आहेत. या वेळी अधिकारी म्हणून काहीच नाही.

पहिलं. पुन्हा कधी वादळ आलं तर गावात सुतक कोणाचंही असो, रातूंचं, तुमचं किंवा माझं, ढोल वाजवायचा. कोणाच्या परवानगीसाठी थांबायचं नाही. हे मी आजच मागून ठेवते आहे, म्हणजे पुढे कोणाला बोटीची वाट बघावी लागू नये.

दुसरं. माझी बोट खाडीत वळेल तेव्हा ढोल वाजवू नका. मामीच्या शंभर रात्री अजून व्हायच्या आहेत. किनाऱ्यावर नुसते उभे राहा. हाकही मारू नका. मी तुम्हाला बघून उतरेन.

सेनी